कुणाच्या नावाचं

“कोणाच्या नावाचं हाय हे?”

ताटली दोन्ही हातांत धरून ती बाई माझ्यासमोर उभी होती. मी वरणाचा डाव भरून धरला होता आणि तिच्यामागे साठ-सत्तर माणसं उन्हात ताटकळत होती.

“नावाचं म्हणजे?”

“म्हंजे कोणासाठी घातलंय जेवण? त्यो फोटो कोणाचा हाय?”

टेम्पोच्या बाजूला मी काळा फळा टांगला होता. वर माझ्या अक्षरात ‘आजचे अन्नदान’, खाली नाव, आणि खिळ्याला अडकवलेला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो. फोटोला झेंडूचा हार. बाईला वाचता येत नसावं, पण फोटोला हार कधी घालतात हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

“नाना बोरीकर म्हणून होते. त्यांची पुण्यतिथी आहे आज,” मी म्हणाले. “ताट पुढे करा.”

तिने ताट पुढे केलं नाही. ते नीट चळतीवर ठेवलं, नानांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाली, “नको माय. माझं लेकरू आत हाय. मयताच्या नावाचं म्या खात न्हाई.”

एवढं बोलून ती ओळीतून निघून गेली. माझा डाव तसाच हातात राहिला आणि मला सणसणीत राग आला.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. परभणीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं गृहशास्त्र शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. घरी मी एकटी. शिकवायला कुणी नाही, रागवायला कुणी नाही. एकदा शेजारणीला बघायला सरकारी दवाखान्यात गेले, तेव्हा फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसलेली माणसं पाहिली. आत पेशंटला जेवण मिळायचं, बाहेरच्या नातेवाइकांना कोण देणार? काहीजण पेशंटच्या ताटातलं उरलंसुरलं खायचे. घरी आल्यावर मला घास गिळेना, आणि आठ दिवसांत मी फिरतं अन्नछत्र सुरू केलं. टेम्पो गफारभाईंचा. ते आमच्या गल्लीतच राहायचे, तीस वर्षं मालवाहतूक करून आता मुलाच्या हाती धंदा देऊन मोकळे झाले होते. पहाटे माझ्या अंगणात आम्ही दोघं चूल पेटवायचो, भाज्या घातलेलं वरण आणि भात करायचो, आणि अकरा वाजता टेम्पो दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहायचा.

फळ्याची कल्पना माझी. मास्तरीण ती मास्तरीणच, फळ्याशिवाय माझं पान हलत नाही. ज्याने त्या दिवसाचा शिधा दिला त्याचं नाव, आणि ज्याच्यासाठी दिला त्याचा फोटो. देणाऱ्यालाही बरं वाटतं. आता परभणीत जिवंत माणसाच्या नावानं शिधा द्यायला कुणी येत नव्हतं, त्याला मी काय करणार? येणारे सगळे स्मरणार्थवाले. त्यामुळे माझ्या फळ्यावर रोज नवा मेलेला माणूस असे आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओळीत होती. फोटो कुण्या कमलाकाकूंचा होता. तिने ताटली उचलली, फळ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. तिच्यामागच्या दोघांनीही ठेवली.

वाढून झाल्यावर मी कडुलिंबाखाली गेले. नाव केवळाबाई, गाव जिंतूरच्या पुढे. एकुलता एक मुलगा मुंजाजी. विहिरीचा गाळ काढताना वरून दगड डोक्यात पडला होता. पाच दिवसांपासून तो मशीनवर होता. नवरा कधीच गेलेला. बरोबर आलेला पुतण्या दोन दिवस थांबून कामावर परत गेला होता.

“पोटात काय आहे तुमच्या?” मी विचारलं.

“पाणी हाय. मिसरी लावते. तुमच्या गाडीवाल्या भाईनं च्या दिला मघाशी.”

“अहो, अन्नाला नाव नसतं. तांदूळ तोच, डाळ तीच. मी शिकवलंय हे बत्तीस वर्षं.”

“तुमचं खरं आसंल माय.”

“मग?”

“मग काय? माझ्या लेकराचा जीव हिकडं-तिकडं चाललाय. आसल्यात म्या तेरवी-पुण्यतिथीचं कसं खाऊ? उद्या काय झालं तर मन खाईल मला.”

“आणि तुम्हीच आडव्या झालात तर मुंजाजीला कोण बघेल?”

तिने पदर तोंडाला लावला. माझ्या पिशवीत माझा डबा होता, त्यात दोन पोळ्या आणि मेथीची भाजी होती. तो डबा तिच्यापुढे उघडला असता तर विषय तिथेच मिटला असता. मला ते सुचलं नाही असंही नाही. पण माझ्या डब्यातलं खाऊन ती जिंकली असती, आणि मला तिला टेम्पोतलंच खाताना पाहायचं होतं.

परत जाताना गफारभाई म्हणाले, “बाई, तो फळा काढून टाका ना. लोक खातील गुपचूप.”

“आणि शिधा कोण देईल? नाव दिसलं नाही तर देणाऱ्याचा हात आखडतो.”

“पण तिचं चुकीचं नाही. आमच्यातबी असतं असं कायबाय.”

“भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, गफारभाई. खरी भूक असली की माणूस काही विचारत नाही.”

“विचारतंय की. रोज विचारतंय,” ते म्हणाले आणि गाडीचा गिअर टाकला.

तिसऱ्या दिवशी अकराजणांनी ताटल्या परत ठेवल्या. ज्यांचं माणूस आत गंभीर होतं ते सगळे. कालपर्यंत हीच माणसं मिटक्या मारत जेवली होती. एकीनं ठेवली म्हणून दुसरीला शंका, दुसरीची पाहून तिसऱ्याला. अर्धं पातेलं वरण परत आणावं लागलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं मी वाटभर बडबडत होते. माझ्या डोळ्यांपुढे दुसरा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सोनपेठकरांचा शिधा होता. मुकुंद सोनपेठकर आणि त्यांची बायको नलिनी. कापडाचं दुकान. त्यांची मुलगी मृण्मयी अकरा वर्षांची असताना तापानं गेली होती, त्याला वर्ष होत होतं. नलिनी स्वतः येऊन फोटो देऊन गेली होती. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला.

“तिला शेवयांची खीर फार आवडायची,” ती म्हणाली होती. “मी घरून करून आणीन थोडी, बाकीचं दूध-शेवया तुमच्याकडे पाठवते. बाराला येऊ आम्ही. मीच वाढीन. माझ्या हातानं कुणीतरी पोटभर खाल्लेलं बघायचंय मला.”

तिच्यादेखत लोकांनी खिरीची ताटली परत ठेवली तर? त्या विचारानं मला रात्रभर झोप लागली नाही. हे मी आज सांगते तेव्हा वाटतं, मला नलिनीची काळजी होती. होतीही. पण माझी जास्त होती.

अकराला टेम्पो लागला. मी सवयीनं फळा लिहिला, ‘कै. कु. मृण्मयी सोनपेठकर, प्रथम पुण्यस्मरण’. फोटो टांगला, मोगऱ्याचा हार घातला. ओळ लागली होती पण सरकत नव्हती. सगळे फळ्याकडे पाहत होते. केवळाबाई पुढून तिसरी होती. चार दिवसांत तिचे गाल आत गेले होते आणि ती पुढच्या माणसाच्या खांद्याला धरून उभी होती.

“पोरगी हाय गं,” कुणीतरी मागे कुजबुजलं. “लहानगी हाय.”

मी फळ्यापाशी गेले. हार काढला आणि तांदळाच्या रिकाम्या पोत्यात टाकला. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि लिहिलं, ‘चि. मृण्मयीच्या वाढदिवसानिमित्त’. ‘चि.’ मी जरा मोठं काढलं, लांबून दिसावं म्हणून.

“अहो, हार चुकून राहिला होता कालचा,” मी मोठ्यानं म्हणाले. “आज वाढदिवस आहे मुलीचा. खीर आहे. या पुढे.”

ओळ अशी सरकली की मला डाव सांभाळता येईना. केवळाबाई समोर आली.

“वाढदिवस हाय?”

“हो.”

“खरं सांगताव ना माय?”

“मी मास्तरीण आहे. खोटं कशाला बोलेन?”

तिने ताट पुढे केलं. कडुलिंबाच्या मुळीवर बसून ती जेवली. आधी हळूहळू, मग भराभर. वरण ताटावरून ओघळून मनगटापर्यंत येत होतं आणि ती ते चाटत होती. भात दुसऱ्यांदा घेतला, खीर तीनदा घेतली. मी वाढताना मान वळवून-वळवून तिच्याकडे पाहत होते. मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही.

गफारभाई पाण्याचे पेले विसळत होते. फळा पाहून ते माझ्याजवळ आले. “बाई, हे काय केलं तुम्ही? पोरीची आई येणार आहे.”

“बाराला. तोवर पुसून पहिलं लिहिते. हार घालते.”

“फळा पुसाल. लोकांच्या तोंडातलं कसं पुसणार?”

“तुम्ही पाणी बघा.”

साडेअकरालाच सोनपेठकरांची गाडी आली. नलिनी पांढऱ्या साडीवर निळी शाल घेऊन उतरली, हातात खिरीचं पितळी पातेलं. मुकुंदरावांनी ते दुसऱ्या बाजूनं धरलं. दोघं टेम्पोपाशी आले आणि फळ्यासमोर थांबले. नलिनीनं वाचलं. मग फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी काही बोलण्याआधी केवळाबाई आली. हात धुऊन, पदराला पुसत. पोटात अन्न गेल्यानं तिचा चेहरा उजळला होता.

“तुमचीच का ताई ही लेक?”

नलिनी म्हणाली, “हो.”

“कितवं लागलं?”

मी डाव घट्ट धरला होता. मुकुंदरावांनी तोंड उघडलं, पण नलिनीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“बारावं,” ती म्हणाली.

“आणली न्हाई का? कुठं हाय?”

“शाळेत गेलीय.”

“हां, बरुबर हाय, शाळा बुडवू नाही.” केवळाबाईनं दोन्ही हातांनी नलिनीच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. “चार दिवसांनी जेवले ताई, तुमच्या लेकीमुळं. घरी आली की म्हणावं, एका म्हातारीनं सांगितलंय, शंभर वर्षं जग. माझं आयुष्य तुला लागू दे.”

“सांगते,” नलिनी म्हणाली.

मुकुंदराव पातेलं खाली ठेवून टेम्पोच्या मागे गेले. ते परत आले नाहीत. ओळीत अजून तीसेक माणसं होती आणि आता सगळ्यांना कळलं होतं की हीच मुलीची आई. नलिनीनं पातेल्यावरचं झाकण काढलं, पळी घेतली आणि वाढायला उभी राहिली. प्रत्येकजण खीर घेत होता आणि चार शब्द बोलून पुढे जात होता. लेकरू सुखी राहो. खूप शिकू द्या. देखणी आहे हो, आईवर गेलीय. आता दोन-चार वर्षांत उंचीला लागेल बघा. एक म्हातारा गमतीनं म्हणाला, “लग्नाला बोलवा आमाला.” नलिनी प्रत्येकाला “हो” म्हणत होती. एक थेंबही बाहेर सांडला नाही. मी तिच्या शेजारी वरण वाढत उभी होते. एका शब्दात ते थांबवता आलं असतं, पण मग सगळ्यांसमोर मी खोटी पडले असते, आणि केवळाबाई तिथेच, चार हातांवर बसली होती. असं मी स्वतःला सांगत राहिले आणि ओळ संपेपर्यंत वाढत राहिले.

पातेलं रिकामं झाल्यावर नलिनी म्हणाली, “हार कुठंय?”

मी पोत्यातून काढून दिला. त्याला तांदळाचा भुसा लागला होता. तिने तो झटकला, शालीत गुंडाळला. फोटो उतरवून छातीशी धरला.

“नलिनी, ऐका. लोक खात नव्हते हो. ती बाई चार दिवस उपाशी होती. मला दुसरा काही मार्गच…”

“मला विचारायचं होतं, बाई,” ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिने. “मीच काढला असता हार. तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर मीच म्हणाले असते, वाढदिवस आहे. तयारीनं आले असते.”

ती गेली. त्या दिवसानंतर सोनपेठकरांपैकी कुणी माझ्याशी बोललं नाही.

दोन रात्री मी तळमळले. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की माझ्यासारखी बाई काय करते, तर नियम करते. मी नियम केला, यापुढे त्या टेम्पोपाशी उभं राहून खोटं बोलायचं नाही. काहीही होवो. फळा मी अडगळीत टाकला. नाव नाही, फोटो नाही. कुणी विचारलं तर जे असेल ते सांगायचं, ज्याला खायचं त्यानं खावं. गफारभाईंना हे सांगितलं तेव्हा ते नुसते “हां” म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी रुग्णवाहिका उभी होती. मागचं दार उघडं होतं आणि आत पांढऱ्या कापडातलं मुंजाजीचं शरीर होतं. तो पहाटे गेला होता. परत आलेला पुतण्या कागद घ्यायला आत धावपळ करत होता. केवळाबाई रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसली होती, रडत नव्हती.

आमचा टेम्पो पाहून ती उठली आणि चालत माझ्याकडे आली. ओळीतल्या माणसांनी तिला वाट दिली.

“माय, आत एक माणूस म्हणत होता. त्याची बायको माझ्या मुंजाच्या शेजारी होती. त्यो त्या ताईच्या दुकानात कापड घेतो. म्हणला, त्यांची लेक तर गेल्या साली वारली.” तिने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. “म्या म्हणलं, न्हाई. मास्तरीण खोटं बोलायची न्हाई. त्या ताईनं सोता सांगितलं, शाळेत गेली म्हणून. मग म्हणलं इचारून यावं. तुमी सांगा. त्या दिवशी कोणाच्या नावाचं होतं?”

तिला काय हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. ओळीतल्या शेवटच्या माणसालाही दिसत होतं. तिच्या पाठीमागे गफारभाई उभे होते. त्यांनी मला मान हलवून सांगितलं, नको. पुन्हा हलवली. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडून मला नको म्हटलं.

माझा नियम दोन दिवसांचा होता. आणि मी बत्तीस वर्षं मुलींना शिकवलं होतं की चूक कबूल करणारा माणूस मोठा.

“माझी चूक झाली, केवळाबाई,” मी म्हणाले. “ती मुलगी वारली आहे. वर्षश्राद्धाचं होतं ते. पण त्याचा आणि मुंजाजीचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की…”

तिने माझा हात सोडला.

“म्हंजे म्याच खाल्लं त्याला,” ती म्हणाली.

“असं नसतं हो. अन्नाला…”

“तीनदा घेतली खीर. त्यो आत उपाशी, आन् म्या तीनदा घेतली.”

ती गटाराच्या कडेला जाऊन उकिडवी बसली. तिने घशात बोटं घातली. काही येईना. पुन्हा घातली, पार मनगटापर्यंत. तीन दिवसांपूर्वीची खीर ती बाहेर काढत होती. नुसता आवाज येत होता आणि पाणी. पुतण्या कागद घेऊन धावत आला, “काकू, काय करलीस, आगं उठ,” म्हणत तिचे हात ओढू लागला. ती त्याला कोपरानं ढकलून परत बोटं घालत होती. शेवटी गफारभाईंनी जाऊन तिचं डोकं धरलं. लेकराचं धरतात तसं, एक हात कपाळावर आणि एक पाठीवर. ते तिला काहीतरी सांगत होते. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

मी जागची हलले नाही. ओळीत पहिला जो माणूस होता, त्याने गटाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या हातात ताटली होती.

“आज कोणाच्या नावाचं हाय, बाई?” त्याने हळूच विचारलं.

“कुणाच्याच नाही,” मी म्हणाले, आणि त्याला वाढलं.